पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरपुढे ओपनरेस्टीचा लोड बॅलन्सर: स्क्रिप्ट कुठे लिहावी, कुठे नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणारी एक छोटी कंपनी आहे. टॉमकॅटचे (जावा अॅप चालवणारं सॉफ्टवेअर) सहा अॅप सर्व्हर आणि त्यांच्यापुढे, रिक्वेस्ट त्यांच्यात वाटून देणारा लोड बॅलन्सर म्हणून, साधा एन्जिनएक्स, ग्राहकाच्या आयपी पत्त्यावरून सर्व्हर ठरवणारा 'आयपी-हॅश' लावलेला. एका संस्थेच्या सगळ्या शाखा एकाच सर्व्हरवर जाव्यात अशी अपेक्षा आहे, कारण त्या संस्थेची खातेयादी आणि व्याजदर तिथे मेमरीत तयार असतात. प्रत्यक्षात दोन सर्व्हर तापलेले असतात आणि दोन जवळजवळ रिकामे. सर्व्हर जोडायचा म्हटलं की कॉन्फिग बदलून रीलोड करावं लागतं. मधूनमधून 502 (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न आल्याची चूक) येतो, आणि तो घालवायला एक सेटिंग लावल्यापासून एकाच भरण्याच्या दोन पावत्या निघाल्याची तक्रार आली आहे. मग ओपनरेस्टी (स्क्रिप्ट लिहिता येणारा एन्जिनएक्स) घेऊन लुआ या छोट्या स्क्रिप्ट भाषेत स्वतःचा बॅलन्सर लिहावा का?

लिहावा, पण सगळ्यात शेवटी, आणि शक्य तितका छोटा. आधी पावत्यांचं बोलू, कारण तिथे लोकांचे पैसे आहेत.

तुम्ही सेटिंगचं नाव दिलेलं नाही, पण वर्णनावरून ते 'प्रॉक्सी-नेक्स्ट-अपस्ट्रीम' (कोणत्या चुकीवर रिक्वेस्ट दुसऱ्या सर्व्हरकडे न्यायची ते ठरवणारी सूचना) यातलं 'नॉन-आयडेम्पोटंट' असणार. एन्जिनएक्सची मूळ वागणूक समजून घ्या. एका सर्व्हरशी जोडणीच झाली नाही, तर तो रिक्वेस्ट दुसऱ्याकडे नेतो. मात्र 1.9.13 या आवृत्तीपासून पोस्टसारखी (माहिती नोंदवायला पाठवलेली) रिक्वेस्ट एकदा सर्व्हरकडे पाठवून झाली असेल, तर नंतर जोडणी तुटली तरी तो ती परत दुसरीकडे पाठवत नाही. पहिल्या सर्व्हरने भरणा नोंदवला आणि उत्तर देताना जोडणी तुटली, की नोंदवलाच नाही, हे बॅलन्सरला कळायला मार्गच नसतो. 'नॉन-आयडेम्पोटंट' लिहिलं की ही राखण तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकता. ते आजच काढा. ओपनरेस्टीत गेल्यावरही हाच नियम लागू राहतो: लुआमधून 'आणखी एक प्रयत्न कर' असं सांगितलं, तरी कोणत्या चुकीवर पुन्हा प्रयत्न करायचा हे 'प्रॉक्सी-नेक्स्ट-अपस्ट्रीम'च ठरवतं.

आता मूळ 502. एन्जिनएक्स आणि टॉमकॅट यांच्यातली जोडणी उघडी ठेवून पुन्हा वापरली, तर एन्जिनएक्स ती रिकामी जोडणी डिफॉल्टने 60 सेकंद सांभाळतो. टॉमकॅटबरोबर येणाऱ्या मूळ कॉन्फिग फाइलमध्ये मात्र कनेक्शन टाइमआउट 20,000 मिलिसेकंद लिहिलेला असतो, आणि कीप-अलाइव्हचा, म्हणजे रिकामी जोडणी उघडी ठेवण्याचा, वेगळा आकडा दिला नसेल तर तोच लागू होतो. म्हणजे 20 सेकंदांनी टॉमकॅट दार लावून घेतो आणि एन्जिनएक्सला वाटतं ते अजून उघडंच आहे. नेमक्या त्या क्षणी एखादी पोस्ट त्या जोडणीवर गेली की 502. दुपारी शाखा शांत असताना, दोन रिक्वेस्टमध्ये वीसेक सेकंदांचं अंतर पडतं तेव्हा, हे जास्त दिसतं. गर्दीत जोडणीला 20 सेकंद रिकामं बसायला वेळच मिळत नाही. तुमच्या लॉगमधल्या 502 च्या वेळा काढून पाहा. उपाय सोपा आहे: टॉमकॅटचा कीप-अलाइव्ह टाइमआउट एन्जिनएक्सच्या आकड्यापेक्षा मोठा ठेवा, 75 सेकंद म्हणा. आत बसलेल्याने आधी दार लावू नये.

कीप-अलाइव्ह सरळ बंद करून टाकण्याचा मोह होईल. तो टाळा. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठीचे पोर्ट डिफॉल्टने 32768 ते 60999, म्हणजे 28,232 असतात, आणि बंद झालेली जोडणी 60 सेकंद 'टाइम-वेट'मध्ये, म्हणजे आपलं पोर्ट अडवून, पडून राहते. प्रत्येक रिक्वेस्टला नवी जोडणी केली आणि ती एन्जिनएक्सने बंद केली, तर एका सर्व्हरच्या एका पोर्टकडे सेकंदाला साधारण 470 जोडण्यांवर गाडी अडकते. एरवी तुम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही. पण मार्चअखेरीला, सगळ्या शाखा एकदम व्याज आकारणी करायला बसल्या की, ही मर्यादा प्रत्यक्षात दिसते.

आणि हे सगळं नीट केलं तरी भरण्याच्या प्रत्येक फॉर्मला पडद्यावर येतानाच एक अनन्य क्रमांक द्या, आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक बंधन घाला. कारकुनाने बटण दोनदा दाबलं, पिग्मी एजंटच्या मोबाइलने रेंज गेल्यावर तीच नोंद परत पाठवली, मधल्या कुणीही काहीही केलं, तरी पावती एकच निघाली पाहिजे. ही जबाबदारी बॅलन्सरवर कधीही टाकू नका.

आता असमान भार. 'आयपी-हॅश' आयपी-व्ही-4 पत्त्यातल्या टिंबांनी वेगळ्या केलेल्या चार आकड्यांपैकी फक्त पहिले तीन पाहतो. म्हणजे एकाच पट्ट्यातले 256 पत्ते एकाच सर्व्हरवर जातात. तालुक्याच्या गावातल्या निम्म्या शाखा एकाच स्थानिक ब्रॉडबँडवाल्याकडून इंटरनेट घेतात आणि मोबाइल नेटवर्कवरचे हजारो ग्राहक मोजक्या सामायिक पत्त्यांमागून येतात, तेव्हा दोन सर्व्हर तापणारच. त्यात एका संस्थेच्या पाच शाखांनी पाच कंपन्यांचं इंटरनेट घेतलं असेल, तर ती संस्था पाच सर्व्हरवर विखुरते. ज्यासाठी तुम्ही हे लावलं तेच होत नाही.

याला लुआ लागत नाही. संस्थेचा कोड सबडोमेनमध्ये, हेडरमध्ये किंवा कुकीत असेल तर साध्या एन्जिनएक्सची 'हॅश' सूचना (दिलेल्या मजकुरावरून ठरावीक आकडा काढून सर्व्हर निवडणारी) त्या व्हेरिएबलवर लावा आणि पुढे 'कन्सिस्टंट' लिहा. हा शब्द विसरू नका. साध्या भागाकाराच्या हॅशमध्ये सहाचे सात सर्व्हर केले की सातातल्या सहा भाग संस्था जागा बदलतात, म्हणजे सकाळी दहाला जवळजवळ सगळ्या कॅशे (मेमरीत तयार ठेवलेली माहिती) थंड. कन्सिस्टंट हॅशमध्ये साधारण सातवा भागच हलतो. सोबत अपस्ट्रीममध्ये, म्हणजे कॉन्फिगमधल्या सर्व्हरच्या यादीत, 'झोन' (सामायिक मेमरी) लिहा. तो नसेल तर प्रत्येक वर्कर (एन्जिनएक्सची काम करणारी प्रोसेस) आपापली मोजणी ठेवतो: आठ वर्कर असतील तर मेलेला सर्व्हर मेला आहे हे आठही जणांनी वेगवेगळं, प्रत्येकाने आपल्या काही रिक्वेस्ट गमावून शिकायचं.

एवढं करून एक आठवडा आकडे पाहा. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं.

जे उरतं ते खरं स्क्रिप्टचं क्षेत्र. चाळीस शाखांची संस्था आणि एका शाखेची संस्था हॅशला सारखीच दिसते. मोठ्या संस्थेला ठरवून स्वतंत्र सर्व्हर द्यायचा असेल तर तक्ता लागतो, आणि तो रीलोडशिवाय बदलता यावा लागतो. दुसरं म्हणजे मेलेला नसून नुसता मंदावलेला सर्व्हर. मोफत एन्जिनएक्स रिक्वेस्ट अपयशी ठरल्यावरच सर्व्हर बाजूला काढतो. दहा सेकंदांनी का होईना पण उत्तर देणारा सर्व्हर त्याच्या दृष्टीने ठणठणीत असतो.

यातल्या दुसऱ्या गोष्टीपुरतंच हवं असेल तर एचएप्रॉक्सी या दुसऱ्या लोड बॅलन्सरकडे जरूर बघा. त्यात 1.7 पासून 'हॅश-बॅलन्स-फॅक्टर' आहे: 150 लिहिलं की कुठल्याही सर्व्हरवर सरासरीच्या दीडपटीपेक्षा जास्त चालू रिक्वेस्ट साचू देत नाही, वरच्या रिक्वेस्ट हॅशच्या कड्यावरच्या पुढच्या सर्व्हरकडे जातात. एका ओळीत काम. तक्ताही हवा, एन्जिनएक्सची बाकीची मांडणीही सोडायची नाही, म्हणून मी तुम्हाला ओपनरेस्टी सुचवतो आहे.

ओपनरेस्टी म्हणजे वेगळा सर्व्हर नव्हे. इगोर सिसोएव यांनी 2004 मध्ये खुला केलेला तोच एन्जिनएक्सचा गाभा, त्यात लुआजिट (लुआ वेगाने चालवणारं इंजिन) आणि लुआची मॉड्यूल्स बसवलेली. यीचुन झांग यांनी हे काम सुरू केलं. काँग आणि अपाची एपिसिक्स हे गेटवे यावरच उभे आहेत, आणि कुबरनेटीस (अनेक मशीनवर अॅप चालवणारी प्रणाली) यासाठीच्या इन्ग्रेस-एन्जिनएक्समध्येही पॉडची, म्हणजे चालू अॅपच्या प्रतींची, यादी बदलली की रीलोड करावं लागू नये म्हणून सर्व्हर निवडायचं काम लुआकडे दिलेलं आहे. तुमची आताची कॉन्फिग जवळजवळ जशीच्या तशी चालेल.

आता जिथे सगळे पहिल्यांदा अडखळतात तिथे येतो. सर्व्हर निवडण्याचा लुआ तुकडा अपस्ट्रीमच्या आत, 'बॅलन्सर-बाय-लुआ-ब्लॉक'मध्ये लिहायचा असतो. ब्लॉकमध्ये नावापुरता एक सर्व्हर लिहावा लागतो, तिथे 0.0.0.1 हा खोटा पत्ता देण्याची पद्धत आहे. 'कीप-अलाइव्ह'ची ओळ या ब्लॉकच्या खाली यायला हवी. मग माणूस उत्साहाने आत रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसला विचारायला जातो, की या संस्थेचा सर्व्हर कोणता? आणि एरर लॉगमध्ये 'या टप्प्यावर ही सोय बंद आहे' अशा अर्थाची ओळ दिसते. कारण या टप्प्यावर लुआला थांबता येत नाही. नेटवर्कवर वाट पाहणं, झोपणं, काहीच चालत नाही. सर्व्हरचं डोमेन नावही चालत नाही. सर्व्हर ठरवणाऱ्या 'सेट-करंट-पीअर'ला आयपी पत्ता आणि पोर्टच द्यावा लागतो.

ही अडचण वाटते, पण मला ती फार चांगली शिस्त वाटते. निवडीच्या क्षणी फक्त वाचायचं; विचार आधीच करून ठेवलेला हवा. मी मांडणी अशी करतो.

वर्कर सुरू होताना टायमर लावायचा, आणि तोही फक्त शून्य क्रमांकाच्या वर्करमध्ये, नाहीतर आठ वर्कर आठ वेळा तेच काम करतात. वर्कर सुरू होण्याच्या टप्प्यातही नेटवर्क वापरता येत नाही, टायमरच्या आत येतं, म्हणून पहिलं वाचनही शून्य सेकंदाच्या टायमरनेच करायचं. हा टायमर दर काही सेकंदांनी डेटाबेस किंवा रेडिसमधून संस्था आणि सर्व्हर यांचा तक्ता आणतो, तपासतो, आणि सगळ्या वर्करना दिसणाऱ्या सामायिक शब्दकोशात, म्हणजे 'लुआ-शेअर्ड-डिक्ट'मध्ये, आवृत्ती क्रमांकासह ठेवतो. प्रत्येक वर्कर रिक्वेस्ट येताच फक्त आवृत्ती क्रमांक बघतो. तो बदलला असेल तरच जेसन (मजकुराच्या रूपात साठवलेला तक्ता) उलगडून आपल्या मॉड्यूलमधल्या लुआ टेबलात घेतो. प्रत्येक रिक्वेस्टला जेसन उलगडणं ही या कामातली सगळ्यात महागडी आणि सगळ्यात सहज होणारी गोष्ट आहे.

'तपासतो' या शब्दावर माझा फार जोर आहे. नवा तक्ता रिकामा आला, किंवा आधीच्या निम्म्याहून जास्त सर्व्हर एकदम गायब असतील, तर तो घ्यायचा नाही. जुनाच चालू ठेवायचा आणि ओरडायचं. शेवटचा चांगला तक्ता डिस्कवरही लिहून ठेवायचा. सामायिक शब्दकोश रीलोडमध्ये टिकतो, पण प्रोसेस पूर्ण बंद करून सुरू केली की जातो. रात्री वीज जाऊन मशीन उठलं आणि रेडिस अजून उठलेला नसेल, तर 'इनिट' टप्प्यात ही फाइल वाचून बॅलन्सर उभा राहिला पाहिजे. त्या टप्प्यात ब्लॉकिंग फाइल-वाचन चालतं, कारण तेव्हा कुणाची रिक्वेस्ट खोळंबलेली नसते.

रिक्वेस्ट आली की 'अॅक्सेस' टप्प्यात संस्थेचा कोड काढायचा आणि तिचे दोन सर्व्हर, पहिला आणि पर्यायी, 'एनजीएक्स-सीटीएक्स'मध्ये, म्हणजे त्या रिक्वेस्टपुरत्या जागेत, ठेवायचे. बॅलन्सर टप्प्यात पहिल्या सर्व्हरवरच्या चालू रिक्वेस्टचा आकडा पाहायचा. तो सरासरीच्या दीडपटीच्या आत असेल तर पहिला, नाहीतर पर्यायी. ज्याला निवडलं त्याचा आकडा एकने वाढवायचा आणि 'लॉग' टप्प्यात एकने कमी करायचा. मंदावलेल्या सर्व्हरवर रिक्वेस्ट साचतात, आकडा चढतो, आणि नवी गर्दी आपोआप दुसरीकडे वळते. प्रतिसादाचा वेळ मोजून सरासरी काढत बसण्यापेक्षा हा आकडा लवकर बोलतो, कारण वेळ कळायला रिक्वेस्ट संपावी लागते आणि अडकलेली रिक्वेस्ट संपतच नाही.

या मोजणीत एक बारकावा आहे. पुन्हा प्रयत्न होतो तेव्हा बॅलन्सर ब्लॉक त्याच रिक्वेस्टसाठी दुसऱ्यांदा चालतो. आत आल्या आल्या 'गेट-लास्ट-फेल्युअर' विचारायचं. उत्तर आलं तर हा दुसरा प्रयत्न आहे. आधी मागच्या सर्व्हरचा आकडा एकने उतरवायचा आणि मगच नवा निवडायचा. हे राहिलं की दर चुकीमागे आकडा एकने वर अडकतो. काही दिवसांत आजारी पडून बरा झालेला सर्व्हर कायमचा 'भरलेला' दिसायला लागतो, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. ग्राहकाने मध्येच ब्राउझर बंद केला तर काळजी नाही, लॉग टप्पा तेव्हाही चालतो. वर्करच कोसळला तर त्याने वाढवलेले आकडे मात्र तसेच राहतात. म्हणून मोजणीच्या नावात वर्करचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घाला आणि फक्त जिवंत वर्करांचीच बेरीज धरा.

पर्यायी सर्व्हरबद्दल तुम्हाला एक प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. मेमरीतली ती खातेयादी नुसती वाचण्यापुरती आहे, की शिल्लक तिथेच बदलून नंतर डेटाबेसमध्ये जाते? दुसरं असेल तर एक संस्था दोन सर्व्हरवर गेल्याक्षणी दोन वेगवेगळ्या शिलका दिसतील. तसं असल्यास बॅलन्सरला हात लावण्याआधी अॅप दुरुस्त करा. एक संस्था एका सर्व्हरवर जाणं हे वेगासाठी असावं. हिशोब बरोबर येण्यासाठी त्याच्यावर विसंबलात तर पहिला सर्व्हर पडेल त्या दिवशी हिशोब चुकेल.

हेल्थ चेकचा, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे का हे अधूनमधून विचारणारा, टायमर वेगळा ठेवा. तो ज्या पत्त्यावर विचारतो त्या पत्त्यावर टॉमकॅटने डेटाबेसला विचारून उत्तर देऊ नये. डेटाबेस दोन सेकंद अडखळला की सहाही सर्व्हर एकदम 'मेले' ठरतात आणि बॅलन्सरकडे पाठवायला कुणीच उरत नाही. याच कारणासाठी निम्म्याहून जास्त सर्व्हर आजारी दिसले तर हेल्थ चेकच बाजूला ठेवून सगळ्यांना वाटायचं, असा नियम घाला. एन्व्हॉय प्रॉक्सीतही ही मर्यादा डिफॉल्टने 50 टक्के आहे, आणि ती अनुभवाने आलेली आहे.

पुन्हा प्रयत्नांवरही मर्यादा हवी. एका रिक्वेस्टला एकच जादा प्रयत्न, आणि एकंदरीत रिक्वेस्टच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पुनर्प्रयत्न नाहीत. हा आकडा सामायिक शब्दकोशात सहज मोजता येतो. 31 मार्चच्या संध्याकाळी सगळेच सर्व्हर मंद असतील, तेव्हा प्रत्येक पुनर्प्रयत्न म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर ठेवलेलं आणखी एक ओझं.

लुआबद्दल मोजकंच. प्रत्येक व्हेरिएबल 'लोकल' करा. ग्लोबल राहिलेल्यातून एका रिक्वेस्टची माहिती दुसरीत डोकावू शकते, आणि तुमच्याकडे ती माहिती म्हणजे दुसऱ्या संस्थेची असेल. रँडम वापरणार असाल तर प्रत्येक वर्करमध्ये त्याच्या पीआयडीने वेगळं बीज पेरा, नाहीतर सगळे वर्कर एकाच क्रमाने तेच 'यादृच्छिक' सर्व्हर निवडतात. 'ओएस-एक्झिक्यूट', 'आयओ-पोपन', साधं लुआसॉकेट यांना रिक्वेस्टच्या वाटेवर जागा नाही. एक वर्कर थांबला की त्याच्या सगळ्या जोडण्या थांबतात, म्हणून नेटवर्कसाठी 'लुआ-रेस्टी' नावाने येणाऱ्या लायब्रऱ्याच घ्या. रेग्युलर एक्स्प्रेशन साधी ठेवा. 2 जुलै 2019 ला क्लाउडफ्लेअरच्या फायरवॉल नियमांतल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरचे सीपीयू खाऊन टाकले आणि 27 मिनिटं असंख्य साइट बंद पडल्या. ती फायरवॉलही एन्जिनएक्समध्ये लुआवरच चालत होती. संस्थेचा कोड काढायला स्ट्रिंगचे पहिले सहा वर्ण कापणं पुरत असेल तर तेवढंच करा.

प्रॉडक्शनला नेताना आधी लुआला नुसतं ठरवू द्या, वळवू देऊ नका. जुनीच वाट चालू ठेवा आणि लुआने कोणता सर्व्हर निवडला असता ते अॅक्सेस लॉगमध्ये एका रकान्यात लिहा. शेजारी 'अपस्ट्रीम-अॅड्रेस' आणि 'अपस्ट्रीम-रिस्पॉन्स-टाइम' असू द्या. पुनर्प्रयत्न झाला की पत्त्याच्या रकान्यात स्वल्पविरामाने दोन पत्ते दिसतात, तेवढ्या ओळी गाळून पाहिल्या तरी खूप काही कळतं. मग एक लहान संस्था नव्या वाटेवर, मग पाच, मग सगळ्या. मार्चमध्ये हे अजिबात करू नका. एप्रिलचा दुसरा आठवडा उत्तम.

बॅलन्सरची दोन मशीन असतील, आणि असावीतच, तर सामायिक शब्दकोश एका मशीनपुरताच असतो हे लक्षात ठेवा. कीपअलाइव्हडीने (एक मशीन पडलं की पत्ता दुसऱ्याकडे नेणारं साधन) एक मशीन चालू आणि एक राखीव ठेवलं तर मोजणीचा प्रश्न येत नाही. राखीव मशीन शून्यापासून मोजायला लागतं आणि काही सेकंदांत आकडे जागेवर येतात.

शेवटी मला एक माहिती हवी आहे. शाखेच्या रिक्वेस्टमध्ये संस्थेचा कोड नेमका कुठे येतो? हेडर, कुकी किंवा सबडोमेन असेल तर वरचं सगळं लागू आहे. तो फक्त सर्व्हरवरच्या सेशनमध्ये असेल तर बॅलन्सरला तो दिसणारच नाही, आणि पोस्टच्या मजकुरात असेल तर तो काढायला आधी पूर्ण मजकूर वाचून घ्यावा लागेल, जे फोटो आणि सह्यांचे नमुने चढवताना महाग पडतं. दोन्ही बाबतीत लॉगिनच्या वेळी अॅपनेच संस्थेच्या कोडची एक साधी कुकी द्यावी. मात्र ती कुकी फक्त वाट ठरवायला वापरा. कुणाला कोणतं खातं दिसावं हे टॉमकॅटने आपल्या सेशनवरूनच ठरवायचं, कारण कुकी कुणीही बदलून पाठवू शकतो.